भंगारातले ब्रेक



दिवाळीपासून आमच्या नातेवाइकांत एका विषयावरून रण माजलं आहे, आणि कारण ना शेतीचा बांध आहे ना कुणाचं लग्न. माझ्या भाच्याने आपल्या १९८६ च्या प्रीमियर पद्मिनीला पुढच्या दोन चाकांवर डिस्क ब्रेक बसवून घेतले. डिस्क आणि कॅलिपर कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेले. झालं! पुण्याचे आमचे साडूभाऊ म्हणाले, "गाडीत दुसरं काहीही जुनं चालेल, पण ब्रेक? ब्रेक भंगारातले?" ठाण्याच्या पुतणीने फोनवर सांगितलं, "काका, ती गाडीच भंगारात द्या ना आता." आणि शहापूरच्या एका मित्राने भाच्याची पाठ थोपटून म्हटलं, "याला म्हणतात जुगाड!"

मला हे तिघेही पटलेले नाहीत. त्यातल्या त्यात पाठ थोपटणारा सर्वांत कमी पटला. त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी गाडीबद्दल थोडं. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० डी या मॉडेलवरून ही गाडी निघायची, १९७४ पासून पद्मिनी या नावाने. इंजिन १०८९ सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. आता गंमत पाहा. जगात डिस्क ब्रेकची ताकद लोकांना दिसली ती १९५३ साली, जग्वारच्या गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत डिस्कच्या जोरावर जिंकली तेव्हा. खुद्द फियाटने १९६६ साली आपल्या ११०० आर या भावंड-गाडीला पुढे डिस्क दिले. म्हणजे ज्या घराण्यातली आपली पद्मिनी, त्या घराण्याने साठ वर्षांपूर्वीच कबूल केलं होतं की या वजनाच्या गाडीला पुढे डिस्क हवेत. आपल्याकडे मात्र गाडी घ्यायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायची पद्धत होती. गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं असेल तर कारखानदार ब्रेक कशाला सुधारेल? २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत गाडी ड्रमवरच चालली. तेव्हा 'कंपनीने दिलं तेच बरोबर' असं जे म्हणतात, त्यांनी कोणत्या कंपनीने, कोणत्या साली आणि कोणत्या सक्तीखाली दिलं, हेही विचारावं.

ड्रम म्हणजे टाकाऊ वस्तू असं माझं म्हणणं नाही. रस्ता रिकामा होता, समोरचाही ड्रमवरच थांबत होता, तोवर ठीक होतं. आता समोरची प्रत्येक नवी गाडी एबीएसवाली. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचंच आहे. ती जागच्या जागी उभी राहते आणि मागची पद्मिनी तिच्या डिकीत शिरते. आणि आपला पाऊस! किन्हवलीकडून सरळगावला येताना जुलैत ओढ्यांच्या फरशांवरून पाणी वाहत असतं. ड्रममध्ये एकदा पाणी शिरलं की लायनर ओले होतात आणि पुढचा काही वेळ पाय दाबला तरी गाडी 'बघू, विचार करते' असं म्हणत पुढे जाते. डिस्क उघडी असते, पाणी फेकून देते. या तालुक्यात हे एवढं एक कारणही पुरेसं आहे.

दुसरं कारण घाट. मी आयुष्यभर भाषा शिकवली, पण हे गणित सातवीच्या मुलालाही येईल. कसारा घाटाच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत सुमारे ३०० मीटरचा उतार. गाडी, चार माणसं आणि त्यांच्या पिशव्या मिळून १२०० किलो धरा. एवढं वजन तीनशे मीटर खाली आणायचं तर जी ऊर्जा सुटते, तिच्यावर दहा-बारा लिटर पाणी उकळेल. बंब भरून! इंजिनाने आणि वाऱ्याने त्यातली काही खाल्ली तरी उरलेली सगळी ब्रेकच्या लोखंडात उष्णता होऊन बसते. ड्रम म्हणजे झाकण लावलेलं पातेलं. आतली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, लायनर तापून गुळगुळीत होतात, ड्रम प्रसरण पावून शूपासून लांब जातो आणि पायाखालचा ब्रेक मऊ मऊ होत जातो. डिस्क म्हणजे उघडा तवा. तापतो लवकर, पण वारा लागून निवतोही लवकर.

आता मूळ वाद. 'भंगारातले' या शब्दाचा.

साडूभाऊंना मी एवढंच विचारतो, की भंगार कशाला म्हणायचं? म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेला बैलांचा बाजार भरतो. तिथे एकही बैल नवा नसतो. माणसं दात बघतात, खूर बघतात, चालवून बघतात, खांद्याला हात लावतात आणि मग पैसे मोजतात. ज्याला बघता येत नाही तो जाणत्याला बरोबर नेतो. 'दुसऱ्याच्या गोठ्यातला बैल' म्हणून कोणी नाक मुरडत नाही. गाडीच्या भागांचंही असंच आहे, फक्त दात कुठे बघायचे ते माहीत हवं.

लोखंड आणि रबर या दोन वेगळ्या जाती आहेत. कॅलिपरचं बीड, डिस्कचं बीड, त्यांना धरणारे ब्रॅकेट हे भाग वयाने मरत नाहीत. ते झिजतात, वाकतात किंवा तडकतात, आणि तिन्ही गोष्टी मोजता येतात. डिस्कची किमान जाडी किती हवी, याचा आकडा बहुधा तिच्यावरच कोरलेला किंवा कंपनीच्या पुस्तकात छापलेला असतो. मायक्रोमीटर लावा, कमी भरली तर तिथेच ठेवून या. तडा बघायचा तर लाल रंगाचं पातळ औषध लावतात, पुसून काढतात आणि वर पांढरी पावडर मारतात. डोळ्यांना न दिसणारी चीर लाल रेघेने वर येते. कोणत्याही बऱ्या वर्कशॉपमध्ये हे होतं आणि त्याला फार पैसे पडत नाहीत.

रबर मात्र वयाने मरतं. कॅलिपरच्या आतली सील, धूळ अडवणारी टोपी, चाकापर्यंत जाणारे रबरी पाइप, मास्टर सिलिंडरचे वॉशर हे बाहेरून छान काळे दिसतात आणि आतून कुजलेले असतात. रबरी पाइप आतून फुगला तर गंमत अशी होते की दाब जाताना जातो, पण परत येत नाही. मग एक चाक धरून ठेवतं आणि गाडी एका बाजूला ओढते. हे भाग, ब्रेक पॅड आणि ब्रेक ऑइल भंगारातून आणणाऱ्याला मी मूर्ख म्हणेन, आणि ते विकणाऱ्याला त्याहून वाईट शब्द वापरीन, जो इथे लिहिता येत नाही.

भाच्याने काय केलं ते सांगतो. पाठीमागून ठोकलेली एक मारुती एस्टीम शोधली. पाठीमागून हे महत्त्वाचं. समोरून ठोकलेल्या गाडीचा पुढचा भाग घ्यायचाच नाही, दिसायला कितीही सरळ असो. एस्टीमचं वजन पद्मिनीच्या जवळपास. हलक्या गाडीचे ब्रेक जड गाडीला लावणं म्हणजे वासराला नांगराला जुंपणं. तिच्यातून डिस्क, कॅलिपर, व्हॅक्यूम बूस्टर आणि मास्टर सिलिंडरचं नुसतं बीड घेतलं. हब जुळत नाही, म्हणून मुरबाडच्या एमआयडीसीतल्या एका टर्नरकडून पोलादी पट्ट्या कापून, भोकं पाडून घेतल्या. बोल्ट नवे, डोक्यावर १०.९ छापलेले. सगळी सील, पाइप, पॅड नवे आणि त्यांच्या पावत्या घरात फाइलला लावलेल्या. हिशेब असा: भंगाराचे पाच हजार, नव्या मालाचे नऊ हजार, टर्नर आणि मिस्त्रीचे वेगळे. म्हणजे ज्याला अख्खं घराणं 'भंगारातले ब्रेक' म्हणून हिणवतं आहे, त्यात भंगारापेक्षा नवा माल जास्त आहे! (साडूभाऊंनी ही ओळ दोनदा वाचावी.)

आता पाठ थोपटणाऱ्या मित्राकडे येतो. जुगाड हा शब्द आपण हल्ली फार लाडाने वापरायला लागलो आहोत. परदेशी लोकांनी त्यावर पुस्तकं लिहिली तेव्हापासून तर विचारूच नका. पण जुगाड म्हणजे 'आज चाललं, उद्याचं उद्या'. पाण्याच्या मोटारीला तो ठीक आहे. मोटार बंद पडली तर पाणी येणार नाही, माणूस मरणार नाही. ब्रेकला जुगाड चालत नाही. हाच मित्र आपल्या ओळखीच्या कुणीतरी 'दोन हजारांत डिस्क टाकून दिले' म्हणून सांगत होता. दोन हजारांत कसे, ते मी जाऊन पाहिलं. मास्टर सिलिंडर जुनाच, ड्रमचा. बूस्टर नाही. पाइप जुने.

हे का चालत नाही ते समजून घ्या. ड्रममध्ये चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने शू ओढला जातो आणि आपोआप जास्त घट्ट बसतो. म्हणजे ड्रम पायाला थोडी फुकटची मदत करतो. डिस्कमध्ये ही मदत नाही. दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, जेवढं दाबाल तेवढाच. म्हणून डिस्कला जास्त दाब लागतो आणि म्हणून बूस्टर लागतो. शिवाय ड्रमच्या व्यवस्थेत पाइपमध्ये थोडा दाब कायम राहावा म्हणून पुष्कळदा एक छोटी झडप असते. ती तशीच ठेवून डिस्क लावली तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात. चालवणाऱ्याला वाटतं, गाडी जरा जड चालते आहे. तोवर डिस्क लाल व्हायला आलेली असते. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पुढचा-मागचा तोल. मागची चाकं आधी धरली तर गाडी गर्रकन फिरते. घाटात फिरली तर कुठे जाते हे मी लिहायला नको. पुढची आधी धरली तर गाडी निदान सरळ जाते. ही तपासणी मोकळ्या, ओल्या रस्त्यावर हळू वेगात सुरू करून वाढवत न्यायची असते. मिस्त्रीने आणि भाच्याने त्यात दोन रविवार घालवले. साठच्या वेगावरून लागोपाठ पाच वेळा थांबवून बघितलं. पूर्वी चौथ्या वेळेला पाय मऊ लागायचा, आता पाचवाही पहिल्यासारखा लागतो.

जुन्या गाडीत मास्टर सिलिंडर एकेरी होता. एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. आता दुहेरी आहे, एक बाजू गेली तरी दुसरी उरते. सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट, आणि तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण ती चाकातून चमकत नाही.

बूस्टरवरून आठवलं, आणि हे जरा जोरात सांगणार आहे. आपल्याकडे घाट उतरताना इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडायची खोड जुनी आहे. कसाऱ्याला बघा, माळशेजला बघा. पेट्रोल वाचतं म्हणे. बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद केलं की साठलेल्या ओढीवर एक-दोनदा ब्रेक नीट लागतो, मग पाय दगडावर पडल्यासारखा वाटतो. बिनबूस्टरच्या गाडीवर ज्याची ही खोड मुरली आहे, त्याच्या गाडीला बूस्टर लावून देणं म्हणजे त्याला फसवणं आहे. भाच्याला मी सांगितलं, गाडीची किल्ली ज्या ज्या कुणाच्या हातात जाते त्या प्रत्येकाला हे आधी सांग. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. वाचलेलं पेट्रोल चहाच्या दोन कपांचं असतं.

उरला कायदा. इथे मला खरा राग आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे लावावं असं सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. यामागची भीती खोटी नाही. जीपचा टप कापणारे, रुंद टायर लावून चिखल उडवणारे, सायलेन्सर काढून गावाची झोप उडवणारे आपण सगळेच बघतो. त्यांना दंड करा, मी टाळ्या वाजवीन. पण गाडी अधिक भयानक करणारा आणि अधिक सुरक्षित करणारा या दोघांना एकाच काठीने हाकणं याला न्याय म्हणायचं का?

भाच्याने काम हातात घेण्याआधी संबंधित कार्यालयात दोनदा खेटे घातले. एका खिडकीवर उत्तर मिळालं, "ब्रेक काय आरसीवर लिहिलेले असतात? कशाला विचारता?" दुसऱ्या खिडकीवर, "बदल म्हणजे बदल." लेखी द्या म्हटल्यावर दोन्ही खिडक्यांना जेवणाची वेळ आठवली. उद्या काही अपघात झाला, दुसऱ्याच्या चुकीने जरी झाला, तरी विमावाला ही डिस्क बघून हात वर करू शकतो, ही टांगती तलवार त्याच्या डोक्यावर आहे. त्याने ती समजून घेतली आहे आणि मीही त्याच्यापासून लपवलेली नाही. जर्मनीत माणूस गाडीत बदल करतो, मान्यताप्राप्त तपासनीसाकडे गाडी घेऊन जातो, तो मोजतो, चालवतो, ब्रेक दाबून पाहतो आणि पटलं तर गाडीच्या कागदावर तशी नोंद होते. नाही पटलं तर काढून टाका. एवढं आपल्याला का जमू नये? गॅसच्या किटची नोंद आपण आरसीवर करतोच की. ज्या देशाला गाडीत सिलिंडर बसवल्याची नोंद करता येते, त्याला बरा ब्रेक बसवल्याची नोंद करता येत नाही?

पुतणीचं म्हणणं उरलं. गाडीच काढा. तिच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे आणि मी ते नाकारत नाही. ब्रेक बदलले म्हणून पद्मिनीला एअरबॅग फुटल्या नाहीत. धडक बसली तर तिच्या पत्र्यात ती सोसण्याची आजच्यासारखी रचना नाही. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला आमच्या तालुक्यातून पार आमण्यापर्यंत खुला झाला. तिथे १२० च्या वेगाने गाड्या जातात, त्या रस्त्यावर ही गाडी न्यायची नाही असं भाच्याने स्वतःच ठरवलं आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली, त्याचं कुणाला वाईट वाटलं तरी ते बरोबरच होतं. दिवसभर राबणाऱ्या टॅक्सीची गोष्ट वेगळी.

पण किन्हवली ते मुरबाड, बाजाराला आणि दवाखान्याला जाणाऱ्या गाडीला हाच न्याय लावायचा? नव्या गाडीचा हप्ता ठाण्यातल्या पगारावर बसतो, भाताच्या दोन एकरांवर बसत नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० चं ५००० झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते १०,००० केलं. पर्यावरण कर वेगळा. या दहा हजारांनी ब्रेक सुधारतो का? तेवढेच पैसे घेऊन चाकं खरोखर रोलरवर चढवून मोजली, प्रत्येक चाकाचा आकडा कागदावर दिला, तर मी स्वतः भाच्याच्या वतीने रांगेत उभा राहीन. गाडी नापास झाली तर मुकाट्याने भंगारात घालू. वय बघून नाही, ब्रेक बघून नापास करा. शाळेत आम्ही पेपर तपासून गुण द्यायचो, जन्मतारीख बघून नाही.

२०२६ च्या नूतनीकरणाला गाडी जाणार आहे. भाचा पावत्यांची फाइल, टर्नरचं मापाचं रेखाचित्र आणि तडा-तपासणीचा कागद बरोबर नेणार आहे. विचारलं तर दाखवणार, न विचारता बोनेट उघडून दाखवणार. त्याचं पुढे काय होतं ते इथे लिहीनच.

तोवर ज्यांना शंका आहे त्यांनी माघातल्या लग्नाला मुरबाडला येताना एक दिवस आधी यावं. गाडी अंगणात असेल. पाय ठेवून बघावा, खाली वाकून पाइप बघावेत, मिस्त्रीलाही बोलावून घेऊ. साडूभाऊंना एकच विनंती. आपल्या चकचकीत गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते तेवढं विचारून यावं. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळू नये असा दंडक आहे. तेच हवेतली ओल शोषून बसलं की हा आकडा १४० पर्यंत घसरलेला चालतो. त्याची वाफ झाली की पेडल जमिनीला टेकतं, गाडी कितीही नवी असो. आणि आपण येणार कसारा घाटाने, नाशिकचं काम उरकून.